कॅरॅव्हॅन आणण्याआधी थांबे बांधा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत मोटारहोममधून, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या गाडीतून (आपल्याकडे तिला कॅरॅव्हॅन म्हणतात), करायच्या उन्हाळी प्रवासावर लेख आला होता. लेखकाचे म्हणणे असे की, अशी गाडी घेतली की हॉटेलचे आरक्षण नको, वेळेचे बंधन नको, वाटेल तिथे थांबावे आणि वाटेल तेव्हा निघावे. म्हणून महाराष्ट्रातही अशा गाड्या मोठ्या संख्येने आणाव्यात. लेख वाचनीय होता, पण त्याच्या मुळाशी असलेली समजूत मला पटली नाही. गेल्या जूनमध्ये मुलगी आणि जावई यांच्याबरोबर डेन्व्हरहून निघून वायोमिंग, युटा आणि पुन्हा कोलोरॅडो असा अमेरिकेच्या डोंगराळ पश्चिमेचा फेरा आम्ही उभयतांनी मोटारहोममधून केला. माझी सारी नोकरी पाणीपुरवठा आणि जलनिस्सारणाच्या कामात गेल्यामुळे त्या प्रवासात माझे लक्ष डोंगरांइतकेच टाक्या, नळ आणि चेंबर यांच्याकडे राहिले. त्यावरून माझे मत असे बनले की, तिकडचा हा प्रवास चालतो तो रस्त्याकडेला आणि जंगलात बांधून ठेवलेल्या मुक्कामाच्या जागांमुळे, आणि आपल्याकडे सरकारी पैसा खर्च व्हायचाच असेल तर तो गाड्यांच्या आधी या जागांवर व्हावा.

ज्यांनी अशी गाडी आतून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. भाड्याने सर्वसाधारणपणे मिळते ती ‘क्लास सी’ प्रकारची मोटारहोम. पुढे ट्रकसारखी केबिन, मागे त्याच चासीवर बसवलेली पंचवीस-तीस फुटांची खोली आणि केबिनच्या डोक्यावर पुढे आलेला एक पलंग. आत शेगडीचा ओटा, फ्रिज, रात्री पाडून ज्याचा पलंग करता येतो असे जेवणाचे टेबल, आणि जेमतेम एका माणसाला वळता येईल एवढ्या जागेत न्हाणी व शौचालय. चालवायला साधा मोटारीचा परवाना पुरतो. पेट्रोल मात्र गाडी सढळ हाताने पिते. लिटरला चार किलोमीटर मिळाले तर नशीब, आणि चढावर तेवढेही नाही. शेगडी, फ्रिज आणि गरम पाणी प्रोपेन वायूवर चालते, पण वातानुकूलन यंत्राला बाहेरची वीज किंवा जनरेटर लागतो. गाडीच्या पोटाशी तीन टाक्या असतात: एक स्वच्छ पाण्याची, दुसरी न्हाणी आणि ओट्याच्या सांडपाण्याची, तिसरी शौचालयाच्या मैल्याची. आजचा मुक्काम कुठे आणि उद्या कुठपर्यंत मजल मारायची, हे शेवटी या तीन टाक्या ठरवतात.

स्वच्छ पाण्याच्या टाकीत साधारण दीडशे लिटर मावतात. चौघांच्या आंघोळी, स्वयंपाक आणि भांडी एवढ्यात भागवायची, ही मर्यादा तिकडच्या लोकांना जाचते, असे आसपासच्या गाड्यांमधल्या बोलण्यावरून दिसले. आमच्या घरच्यांना ती जाणवलीच नाही. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या सोलापुरात संसार केलेल्या बाईला भांडी आधी पुसून मग थोड्या पाण्यात विसळणे, अंगाला साबण लावताना नळ बंद ठेवणे, हे कोणी शिकवावे लागत नाही. (याचा अभिमान बाळगावा की नाही, ते सोलापूरकरांनी आपापले ठरवावे.) पण पाणी कितीही जपून वापरले तरी जेवढे वापराल तेवढे दुसऱ्या टाकीत जमा होते. पाणी संपण्याआधी सांडपाण्याची टाकी भरते आणि ती भरली की न्हाणीच्या मोरीतून पाणी वर येऊ लागते. पर्यटनाच्या पुरवण्यांमध्ये नेमका हाच भाग गाळलेला असतो, म्हणून त्याविषयी जरा सविस्तर लिहितो.

टाक्या रिकाम्या करण्याच्या जागेला तिकडे ‘डंप स्टेशन’ म्हणतात. राष्ट्रीय उद्यानांच्या मोठ्या मुक्कामस्थळांत, महामार्गावरच्या ट्रकतळांवर आणि काही राज्यांत तर रस्त्याकडेच्या विश्रांतिस्थळांवरही ती असतात. रचना अगदी साधी आहे. गाडी शेजारून उभी करता येईल असा काँक्रीटचा चौथरा, त्याला चारी बाजूंनी मध्याकडे उतार, मध्यभागी जमिनीत एक भोक आणि त्यावर पायाने उघडायचे झाकण. गाडीच्या पोटाखालच्या तोंडाला जाड, घडीची नळी जोडायची, तिचे दुसरे टोक भोकात घट्ट बसवायचे आणि मग टाकीचा व्हॉल्व्ह ओढायचा. आधी मैल्याची टाकी आणि नंतर सांडपाण्याची, म्हणजे साबणाचे पाणी जाताना नळी धुऊन नेते. चौथऱ्यावर नळी आणि फरशी धुण्यासाठी एक नळ असतो आणि त्यावर हे पाणी पिण्याचे नाही अशी ठळक पाटी असते. पिण्याच्या पाण्याचा नळ वेगळ्या खांबावर, तिथून अंतर राखून बसवलेला असतो. धुण्याच्या नळीतून घाण पाणी उलटे मुख्य वाहिनीत ओढले जाऊ नये यासाठीही उपाय केलेला असतो. यातले काहीही महागडे नाही. उतार बरोबर काढलेला काँक्रीटचा तुकडा, दोन नळ आणि खाली मैलाटाकी (सेप्टिक टँक) किंवा भुयारी गटाराची जोडणी, एवढेच काम आहे. आपल्याकडचा कोणताही बरा कंत्राटदार ते करू शकेल, फक्त दोन नळांमधले अंतर राखण्याविषयी त्याच्या पाठीस लागावे लागेल.

एक बारकावा मला तिथेच कळला, तो असा की, गाडी मुक्कामाला असताना मैल्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह कायम उघडा ठेवायचा नसतो. तसे केल्यास पाणी वाहून जाते आणि घन मैला तळाशी थराथराने साचून वाळतो, आणि मग तो कशानेही निघत नाही. टाकी पुरेशी भरू द्यायची आणि एकदम सोडायची, म्हणजे पाण्याच्या जोराने सारे निघून जाते. टाकीत दुर्गंधीनाशक औषध घालतात, त्यातही निवड करावी लागते, कारण फॉर्मल्डिहाइडसारखी जहाल रसायने मैलाटाकीतले जिवाणू मारतात आणि मग त्या टाकीचे कामच थांबते.

यापेक्षा महत्त्वाची बाब सामाजिक आहे. डंप स्टेशनवर आमच्या पुढे आणि मागे उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीचा मालक रबरी हातमोजे चढवून आपल्या कुटुंबाचा मैला स्वतः सोडत होता. काही गाड्या आपल्याकडच्या एखाद्या बंगल्याच्या किमतीच्या असाव्यात, पण हे काम करायला कोणी पैसे देऊन माणूस बोलावलेला नव्हता. जावयांनी पहिल्यांदा नळी हातात घेतली तेव्हा मी पुढे झालो, कारण आयुष्यभर दुसऱ्यांकडून हे काम करून घेतल्यावर एकदा तरी आपण करावे असे वाटले. दहा मिनिटांचे काम आहे आणि नळी नीट बसवली तर हाताला काही लागत नाही. आपल्या देशात हाताने मैला साफ करवून घेण्यास मनाई करणारा कायदा २०१३ साली झाला, तरी गटारात उतरून माणसे मरतातच. अशा ठिकाणी वातानुकूलित कॅरॅव्हॅन रस्त्यावर आणल्या आणि टाकी रिकामी करण्याची सोय बांधली नाही, तर ती टाकी कोण रिकामी करील आणि कुठे, या प्रश्नाचे उत्तर आपणा सर्वांना ठाऊक आहे. बंगल्यांचे सेप्टिक टँक उपसून नेणारे टँकर नेमके कोठे रिकामे होतात, हे आजही कोणी विचारत नाही.

आता ‘वाटेल तिथे थांबण्या’विषयी. यलोस्टोन हे १८७२ साली स्थापन झालेले जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान, क्षेत्रफळ सुमारे नऊ हजार चौरस किलोमीटर. एवढ्या अफाट पसाऱ्यात नेमून दिलेल्या जागांव्यतिरिक्त कुठेही रात्री गाडी लावून झोपण्याची मुभा नाही. रस्त्याकडेच्या वाहनतळातही नाही. वीज, पाणी आणि मैलानिचरा या तिन्हींची जोडणी प्रत्येक गाडीपाशी मिळते असे मुक्कामस्थळ साऱ्या उद्यानात एकच आहे, यलोस्टोन सरोवराच्या काठचे ‘फिशिंग ब्रिज’. तिथेही तंबू किंवा कापडी भिंतीची गाडी चालत नाही, कारण तो परिसर ग्रिझली अस्वलांच्या वावराचा आहे. जेवण झाले की एक भांडेसुद्धा बाहेरच्या टेबलावर ठेवायचे नाही, शेगडीही आत न्यायची. अस्वले आणि लांडगे यांच्यापासून किमान शंभर यार्ड आणि गव्यासारख्या इतर मोठ्या प्राण्यांपासून पंचवीस यार्ड दूर राहायचे, हे नियम जागोजागी लिहिलेले असतात आणि रेंजर ते पाळायला लावतात. राष्ट्रीय उद्याने आणि सरकारी जंगलांतल्या पुष्कळ जागा सहा महिने आधी आरक्षणासाठी खुल्या होतात आणि उन्हाळ्यातल्या चांगल्या जागा पाहता पाहता संपतात. आमच्या प्रवासाचा आराखडा जावयांनी कडाक्याच्या थंडीत, पहाटे संगणकापुढे बसून आखला होता. तेव्हा लेखकाला दिसलेले स्वातंत्र्य मला तरी कुठे आढळले नाही. शिस्तशीर सोय मात्र पदोपदी दिसली.

ही शिस्त इतकी काटेकोर का, याचे एक कारण भूगोलात आहे. खंडाचा जलविभाजक याच उद्यानातून जातो. यलोस्टोन नदीचे पाणी मिसुरी आणि मिसिसिपीमार्गे मेक्सिकोच्या आखातात उतरते, तर स्नेक नदीचे कोलंबियामार्गे प्रशांत महासागरात. क्रेग पासच्या माथ्यावर रस्त्याला लागून आयसा नावाचे कमळांचे लहानसे तळे आहे आणि त्याचे पाणी दोन्ही बाजूंना वाहते. उगमापाशीच घाण सोडली तर खाली हजारो किलोमीटर ती कोणाच्या ना कोणाच्या घशात जाणार. उजनीचे पाणी पिणाऱ्या सोलापूरकराला वरून काय काय वाहत येते, ते वेगळे सांगायला नको.

डोंगरातल्या प्रवासाची खरी परीक्षा चढ-उतारांत होते आणि तिथेही गाडीपेक्षा रस्त्यावरची व्यवस्था कामी येते. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. टेटन पर्वताकडे जाताना लागणारा टोग्वोटी पास २,९०० मीटरच्या वर, आणि परतीच्या वाटेवर डेन्व्हरच्या पश्चिमेला १९७३ साली खुला झालेला आयझेनहॉवर बोगदा तर ३,४०० मीटरवर आहे. इतक्या उंचीवर हवा विरळ असल्याने टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची ताकद जवळजवळ एक तृतीयांश घटते, आणि दोन पदरी चढावर मागे गाड्यांची रांग लागते. त्यासाठी ठराविक अंतरावर बाजूला होण्याच्या जागा असतात आणि मागे बऱ्याच गाड्या साचल्या की संथ वाहनाने तिथे वळून वाट द्यायची असते. उतारावर ब्रेक धरून बसले तर लाइनर तापून जळका वास येतो, म्हणून खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या जोरावर गाडी रोखायची. वायोमिंगमधल्या जॅक्सन गावाहून शेजारच्या आयडाहो राज्याकडे उतरणाऱ्या टेटन पासचा उतार दहा टक्क्यांचा आहे. तो आम्ही मुद्दाम टाळला आणि स्नेक नदीच्या काठाने दक्षिणेला उतरलो. मोठ्या उतारांवर, ब्रेक निकामी झालेल्या ट्रकला सुटका मिळावी म्हणून बाजूला चढाचा, खोल वाळू-खडीचा फाटा काढलेला असतो. पुण्याच्या नवले पुलाकडे उतरणाऱ्या रस्त्यावरचे अपघात ज्यांनी वाचले आहेत, त्यांना अशा फाट्याचे मोल कळेल. दक्षिण वायोमिंगच्या सपाट पठारावर तर वाऱ्याचा वेग सांगणारे विद्युत फलक आहेत आणि वारा फार असला की उंच व हलक्या गाड्यांना रस्ता बंद करतात. मोटारहोम म्हणजे शिडाला चाके लावल्यासारखी असते, हे तिथे एक जोराचा झोत बसला की पटते.

स्वयंपाकघरातही उंची जाणवते. यलोस्टोन सरोवर सुमारे २,३५० मीटरवर आहे. तिथे पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळते आणि उघड्या पातेल्यात तुरीची डाळ काही केल्या शिजत नाही. प्रेशर कुकर नेला होता म्हणून वरण मिळाले. कडक भाकरी आणि शेंगाचटणी यांनी मात्र कोणत्याही उंचीवर साथ दिली, आणि जूनमध्येही पारा गोठणबिंदूजवळ उतरलेल्या रात्री गाडीचा हीटर बंद करून सोलापुरी चादरीत झोपता आले. पुढे युटातल्या मोआब गावी पोहोचलो तेव्हा नेमके उलटे झाले. तिथले ऊन आपल्या एप्रिल-मेच्या तोडीचे, वातानुकूलन चालवणे भाग, आणि मुक्कामाच्या जागेवर तीस अँपिअरची जोडणी. वातानुकूलन, मायक्रोवेव्ह आणि चहाची विजेची किटली एकाच वेळी लावली की खांबावरचा ब्रेकर पडतो. शेजारच्या गाडीतल्या वयस्क गृहस्थांनी हसत येऊन किटली बंद करायला सांगितले, कारण आपल्याकडचा फ्यूज उडाल्यासारखा तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता.

मला सर्वांत जास्त आवडले ते वनखात्याच्या लहान मुक्कामस्थळांचे चालवणे. काही ठिकाणी ना कार्यालय, ना फाटकावर पहारेकरी. प्रवेशापाशी जमिनीत रोवलेले एक जाड लोखंडी नळकांडे, शेजारच्या डब्यात कोरी पाकिटे. पाकिटात त्या रात्रीचे पैसे घालायचे, त्यावर गाडीचा क्रमांक लिहायचा, पाकीट नळकांड्याच्या फटीतून आत टाकायचे आणि फाडून घेतलेला तुकडा आपल्या जागेच्या खांबाला अडकवायचा. मुक्कामस्थळावर लक्ष ठेवायला बहुधा एखादे निवृत्त जोडपे स्वतःच्या गाडीत उन्हाळाभर राहते. ते ‘कॅम्प होस्ट’. कोणी पैसे न भरता राहिले, कोणी चुलीतला विस्तव तसाच सोडला, कोणी रात्री जनरेटर लावला, तर तेच जाऊन सांगतात. रात्री दहानंतर तिथे शांतता पाळायची असते आणि ती पाळली जाते. डीजेच्या भिंतीशेजारी झोपायची सवय लागलेल्या माणसाला पहिल्या रात्री त्या शांततेने झोप आली नाही, हेही सांगितले पाहिजे.

यातले सगळेच उचलावे असे माझे म्हणणे नाही. पश्चिमेत सरकारी जमीन अमाप आहे; युटा राज्याची साठ टक्क्यांहून अधिक जमीन केंद्र सरकारच्या मालकीची असल्याने, सोयी नसलेल्या मोकळ्या माळावर सर्वसाधारणपणे चौदा दिवसांपर्यंत फुकट राहू देणे तिथल्या भूव्यवस्थापन खात्याला परवडते. आपल्याकडे माळ दिसला तरी त्यावर कोणाचा ना कोणाचा सात-बारा असतोच. पेट्रोल असे जाळणे आपल्याला झेपणारे नाही आणि झेपले तरी शोभणारे नाही. शिवाय, जॅक्सनसारख्या श्रीमंत गावांच्या आसपास गाडीत राहणारे सगळेच सहलीला आलेले नसतात. घरभाडे परवडत नाही म्हणून गाडीत झोपून सकाळी हॉटेलात कामाला जाणारी माणसेही त्यांत असतात. या गोष्टी चकचकीत छायाचित्रांत येत नाहीत.

महाराष्ट्राने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्यात गाड्यांबरोबर कॅरॅव्हॅन पार्कचाही विचार आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण चर्चा, बातम्या आणि उद्‌घाटने गाड्यांचीच होतात, कारण गाडीपुढे नारळ फोडून छायाचित्र काढता येते आणि डंप स्टेशनपुढे काढता येत नाही. त्यातही पार्क म्हटले की समुद्रकिनारा, महाबळेश्वर, लोणावळा हीच नावे पुढे येतात. माझे म्हणणे असे आहे की, या कामाची सुरुवात सोलापूर जिल्ह्यातून व्हावी, आणि ती थांब्यांपासून व्हावी.

कारण आपल्याकडे चाकांवरचा संसार केव्हाच सुरू झालेला आहे. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट आणि सीमेपलीकडचे गाणगापूर या फेऱ्यावर मराठवाड्यातून, कर्नाटकातून, तेलंगणातून वर्षभर कुटुंबेच्या कुटुंबे टेम्पो ट्रॅव्हलर, जीप, पिकअप करून येतात. गाडीच्या टपावर गाद्या, मागे पातेली, तांदळाचे पोते आणि गॅसची शेगडी असते. हैदराबाद रस्त्यावर किंवा विजापूर रस्त्यावर पहाटे पाहिले तर बाभळीच्या सावलीत ताडपत्री अंथरून वीस-पंचवीस माणसांचा स्वयंपाक चाललेला दिसतो. पाणी शेजारच्या ढाब्यावरून मागून आणलेले, बायका आडोसा शोधत रानात गेलेल्या, आणि भांड्यांचे खरकटे पाणी रस्त्याच्या चारीत. आषाढी-कार्तिकीला दिंड्यांचे ट्रक आणि पाण्याचे टँकर असतात आणि फिरती शौचालयेही लावली जातात, ती चांगलीच सोय आहे; पण त्यांतला मैला शेवटी कुठेतरी न्यावा लागतो, आणि तो चंद्रभागेत जाऊ नये एवढी अपेक्षा विठ्ठलाच्या दारी ठेवायला हरकत नसावी. या लोकांना कॅरॅव्हॅन नको आहे. त्यांच्याकडे गाडी आहे, भांडी आहेत, माणसे आहेत. त्यांना हवा आहे एक सपाट, उजेडाचा, पाणी असलेला थांबा.

असा थांबा कसा असावा, याचा विचार मी आपल्या हवामानाला धरून केला आहे. दहा-बारा वाहने उभी राहतील एवढा पक्का तळ, कडेने कडुलिंबाची झाडे. स्वयंपाकासाठी पत्र्याच्या शेडखाली कमरेएवढे ओटे, कारण आपली माणसे गाडीत शिजवणार नाहीत आणि शिजवूही नये. स्त्रियांसाठी वेगळी न्हाणी आणि शौचालये, ज्यांना रात्री कुलूप लागणार नाही. सोळा अँपिअरच्या काही विद्युत जोडण्या. आणि एका कोपऱ्यात, वाऱ्याची दिशा पाहून, वर वर्णन केलेला उताराचा चौथरा, जिथे फिरत्या शौचालयाची गाडी, उद्या आलीच तर कॅरॅव्हॅनही, मैला नळीने थेट बंद टाकीत सोडू शकेल आणि कोणाला त्याला हात लावावा लागणार नाही. ओट्यांचे सांडपाणी वेगळे काढून, तेलकट थर अडवणाऱ्या लहान चेंबरमधून झाडांना देता येईल. पिण्याच्या पाण्याचा नळ चौथऱ्यापासून किमान पंधरा-वीस मीटर लांब आणि जमिनीच्या चढाच्या बाजूला असावा. हे अंतर कागदावर राहते आणि प्रत्यक्षात नळ जिथे पाइप स्वस्तात पोहोचतो तिथे बसतो, हा माझा नोकरीतला अनुभव आहे. जागेसाठी नवे भूसंपादन करायची गरज नसावी. सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा, एस.टी. यांच्या ताब्यात रस्त्यालगत पडून असलेल्या जागा आणि ओस पडलेल्या वसाहती आपण जाता-येता पाहतोच. आळंदी आणि देहूहून पंढरपूरला येणारे दोन्ही पालखी मार्ग रुंद होत आहेत, तेव्हा त्यांच्या कडेला तर ही सोय रस्त्याबरोबरच करणे स्वस्त पडेल; नंतर फोडाफोडी करून ती दुप्पट खर्चात होईल.

थांबा चालवायला मात्र ठेकेदार नको, असे माझे आग्रहाचे मत आहे. टोलनाक्यांवरची स्वच्छतागृहे पाहिली की कारण सांगावे लागत नाही. गावातल्या महिला बचत गटाकडे थांबा सोपवावा. वाहनामागे माफक शुल्क घ्यावे, ते त्यांच्याकडेच राहावे, आणि भाकरी, पिठले, ठेचा विकण्याचा हक्कही त्यांनाच असावा. तिकडे निवृत्त जोडपे जे करते ते इथे चार-सहा बाया आळीपाळीने अधिक चांगले करतील, कारण रात्री गोंगाट करणाऱ्याला दोन शब्द सुनावण्यात त्या कोणाला हार जाणार नाहीत. लोखंडी नळकांड्यात पाकीट टाकण्याची पद्धत आपल्याकडे चालेल का, याविषयी आमच्या घरात मतभेद आहेत. माझ्या पत्नीच्या मते पाकिटे येतील आणि नळकांडे जाईल.

तेव्हा आपल्या दैनिकामार्फत जिल्हा प्रशासन आणि पर्यटन खाते यांना विनंती अशी की, पुढील आषाढीच्या आत पंढरपूर, तुळजापूर आणि अक्कलकोट या तीन रस्त्यांवर प्रत्येकी एक थांबा प्रायोगिक म्हणून बांधावा, आणि तिथे गोळा झालेला मैला दर खेपेस कोणत्या प्रक्रिया केंद्रात गेला याची नोंद थांब्यावरच्या फलकावर लावावी. वर्षभर ते कसे चालतात हे पाहूनच कॅरॅव्हॅन खरेदीचा किंवा तिच्या अनुदानाचा विचार करावा. चौथरा, टाकी आणि ओटे यांचा कच्चा नकाशा आणि मोजमापे मी काढून ठेवली आहेत. संबंधितांना हवी असल्यास आपल्या कार्यालयाकडे विनामूल्य पोहोचती करीन.

आपला विश्वासू,
एक वाचक
(निवृत्त शाखा अभियंता, सोलापूर)